नव्या तांदळाची उकड

"हे झाकण ज्याने केलंय ना, त्याने जन्मात कधी चटणी वाटलेली नाही," कुणाली म्हणाली, आणि टीव्हीच्या खोक्याला टेकून उभा असलेला तरुण एकदम सरळ झाला.

शहापूरच्या बाजारपेठेतलं दीपेशचं विजेच्या वस्तूंचं दुकान. बाहेर श्रावणातला ऊनपाऊस – आत्ता सर, आत्ता लख्ख. आत काउंटरवर नवाकोरा मिक्सर, आणि त्याच्या भांड्यात कुणालीने घरून आणलेला लसूण, सुक्या मिरच्या, भाजलेलं खोबरं. तिच्या मागे सापगावच्या रखमीकाकू आणि त्यांची सून दामिनी. मिक्सर दामिनीला घ्यायचा होता. पण घरचं वाटण दुकानात नेऊन, तिथेच फिरवून बघितल्याशिवाय सापगावात कोणी मिक्सर घेत नसे. ही रीत कुणालीच्या आईने, अंबूबाईने पाडली होती. "नवरा करताना चार प्रश्न विचारतात. मिक्सरने काय पुण्य केलंय?" असं ती म्हणायची. गेल्या वर्षी अंबूबाई गेली. रीत राहिली, आणि न सांगता कुणालीकडे आली. कुणाली शहापूरच्या ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, म्हणून बायकांना वाटे की हिला यंत्रांतलं कळतं. प्रत्यक्षात तिला कळायचं ते आईचं बघून.

"झाकणाला खटका एकच," ती दीपेशला सांगत होती. "म्हणजे मिक्सर चालू असेपर्यंत एक हात झाकणावर. दुसरा बटणावर. आणि रडणारं पोर कुठल्या हाताने उचलायचं?"

"तिसऱ्या," तो तरुण म्हणाला.

कुणालीने वळून पाहिलं. उंच, सावळा, खांद्यावर भिजलेली सॅक, आणि चेहऱ्यावर वर्गात उशिरा आलेल्या मुलाचा भाव.

"तुम्ही कंपनीचे का?"

"हो... म्हणजे झाकणाचा."

"झाकणाचा म्हणजे?"

"हे झाकण मी केलंय."

रखमीकाकूंनी पदर तोंडाला लावला. दीपेशला अचानक वरच्या फळीवरची धूळ दिसली आणि तो तिकडे तोंड करून फडका मारू लागला.

"मग सांगा," कुणाली जराही न बिचकता म्हणाली, "खटका एकच का?"

"मी तीन ठेवले होते. वरून एक काढायला सांगितला. मग आणखी एक."

"आणि तुम्ही काढलेत."

"काढले."

"आणि चटणी?"

"कधीच वाटलेली नाही. ते तुमचं बरोबर आहे."

कुणालीला वाटलं होतं, आता हा काहीतरी समजावून सांगेल. त्याने तसं काही केलं नाही. भांडं हातात घेतलं, पात्याखाली अडकलेल्या अख्ख्या लसणाच्या पाकळ्या पाहिल्या, बोटाने जराशी चटणी काढून चाखली – आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"गाव कुठलं तुझं रे?" रखमीकाकूंनी विचारलं.

"धसई," तो नाक ओढत म्हणाला. "ओमकार. पुण्याला असतो नोकरीला."

"धसईचा असून झणका लागतो? पुण्याने पार वाया घालवला गो ह्याला."

जाताना त्याने कुणालीचा नंबर मागितला. अशी आणखी मतं असतील तर ऐकायला आवडतील, म्हणाला.

"दुसरा फोन घ्या, साहेब," दीपेश फळीवरून बोलला. "ह्यांची मतं एका फोनात मावायची नाय."

संध्याकाळी मेसेज आला. 'झाकणवाला बोलतोय. आणखी काय काय नापास केलंय?'

तिने सुरुवात वॉशिंग मशीनपासून केली. ओल्या बोटाला त्याचं बटण लागतच नाही; कपडे धुणाऱ्याचे हात कोरडे असतात, असं कोणाला वाटलं? वीज गेली की मशीन सगळं विसरतं आणि पहिल्यापासून धुवायला लागतं. सापगावात वीज काय सांगून जाते? एक चादर सकाळपासून धुतेय, अजून धुतेच आहे. आणि वर शेवटी गाणं म्हणतं.

'ते गाणं लोकांना आवडतं,' त्याने लिहिलं.

'एक चादर धुतली म्हणून? रखमीकाकू अख्खं शेत लावून घरी येतात, त्या नाही वाजत.'

मग त्याने फोनच केला. मेसेजात हसता येत नाही, म्हणाला.

त्यानंतर रोज काही ना काही निघायचं. फोन आधी काचेसारखा गुळगुळीत करायचा आणि मग घसरू नये म्हणून रबराचं कव्हर विकायचं – "म्हणजे पायरीवर शेवाळ लावायचं आणि काठी विकायला बसायचं," ती म्हणायची. इमर्जन्सी दिव्याचा तो निळा ठिपका, जो वीज असतानाही डोळ्यांत घुसतो. इंडक्शनची सपाट शेगडी, जिच्यावर खोलगट तवा नुसता झुलतो. टीव्हीच्या रिमोटवर गावजेवणाच्या पंगतीएवढी बटणं. तिच्या बाबांनी, देवजींनी, त्यावर पट्ट्या चिकटवून फक्त चारच उघडी ठेवली होती.

"त्या रिमोटचा फोटो पाठवाल?" ओमकारने अगदी मनापासून विचारलं.

देवजींनी रिमोट छातीशी धरून, बक्षीस मिळाल्यासारखा फोटो काढून घेतला.

"मग बरं काहीच नाही का जगात?" त्याने एकदा विचारलं.

"आहे की. कुकरची शिट्टी. दिसत नसलं तरी कळते, शेजारच्या घरात असलं तरी कळते, आणि वीज लागत नाही."

"ज्याने केली तो भाग्यवान."

"का?"

"तुम्ही पास केलेला एकटाच माणूस."

ती हसली. मोठ्याने – इतक्या मोठ्याने की टीव्हीसमोरचे देवजी वळून बघायला लागले.

"कोण आहे गो?"

"झाकणवाला, बाबा."

"मग त्यात हसायचं काय," ते म्हणाले. पण त्यांनी टीव्हीचा आवाज हळूच कमी केला. त्या घरात वर्षभर कोणी असं हसलं नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीत ओमकार आला तेव्हा दोघं त्याच्या बाइकवरून तानसा धरणाकडे गेली. झाडं निथळत होती. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून दोघं शेंगा खात होती. मधूनच वारा यायचा आणि वरच्या सागावरचं पाणी पसाभर अंगावर टाकून जायचा.

"नापास पुष्कळ झालं," ओमकार म्हणाला. "आता काय हवंय ते सांग."

'सांगा' म्हणाला नाही, 'सांग' म्हणाला. तिने ते ऐकलं, आणि दुरुस्त केलं नाही.

तिने हातातली शेंग फोडली. "उकड मळणारं काहीतरी. कणीक मळायची यंत्रं ढिगाने मिळतात – गार पीठ, गार पाणी. आपली तांदळाची उकड वाफाळती असतानाच मळावी लागते. गार झाली की भाकरी चिरते. आई हात पाण्यात बुडवायची, उकडीत घालायची, परत पाण्यात... तळवे लाल व्हायचे. शेवटी शेवटी मनगट दुसऱ्या हाताने धरून बसायची. म्हणायची, 'माणसं चंद्रावर गेली, पण उकडीपर्यंत नाय आली कोणी.'"

एवढं बोलून ती थांबली. आई गेल्यापासून ती आईबद्दल कोणाशी इतकं बोलली नव्हती. आता हा काहीतरी समजुतीचं बोलेल, आणि मग आपल्याला उठावं लागेल, असं तिला वाटलं.

"वाफ कितपत असते?" त्याने विचारलं.

"हात घालवणार नाही इतकी. तरी घालतात."

त्याने आपला तळवा उघडून पाहिला. बराच वेळ पाहत राहिला. कुणालीने आपला हात कठड्यावर टेकवला, त्याच्या हाताशेजारी. मध्ये सागाचं पान मावेल एवढं अंतर होतं. सागाचं पान चांगलं मोठं असतं. पण ते अंतर दोघांनाही जाणवत होतं, एवढं त्या दिवसापुरतं पुष्कळ झालं.

पुण्याला जाऊन त्याने बिनपगारी रजा टाकली आणि धसईला घरी येऊन बसला. पडवीत यंत्राची जुळवाजुळव सुरू झाली. सुटे भाग मुरबाडच्या लेथवाल्याकडून व्हायचे, उकड त्याची आई भागीरथी काढून द्यायची. रोज फोन.

"बटण कसलं ठेवू?"

"फिरवायचं. मोठं. पीठ लागलेल्या हाताने, नाहीतर कोपराने फिरलं पाहिजे."

"पडदा?"

"नको."

"गाणं?"

"ओमकार..."

"विचारून ठेवलं. झाकणाला खटके तीन. इथे कमी करायला सांगणारं कोणी नाही."

"वीज गेली तर?"

"आली की जिथे थांबलं तिथून पुढे. विसरणार नाही."

सापगावच्या बायकांच्या बचत गटात बातमी पोचायला वेळ लागला नाही. रखमीकाकूंनी बैठकीत सांगून टाकलं – दिवाळी झाली की यंत्र बघू, कुणालीने हो म्हटलं तर गट सगळ्या घरांसाठी घेईल. मग आजूबाजूची गावं मागे राहणार नाहीत. इकडे कंपनीने कळवलं होतं की दिवाळीनंतर रुजू व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेतो. म्हणजे सापगावने घेतलं तर ओमकार धसईला राहणार. नाही घेतलं तर पुणे. तो हे बोलून दाखवत नसे. कुणालीला मात्र ते पाठ होतं.

दिवाळी झाली. भाताची झोडणी आटपली, गिरणीतून नवा तांदूळ घरात आला. यंत्र बघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, कुणालीने भाकरीसाठी उकड काढली आणि मळायला घेतली. ती बोटांना चिकटली. तिने पाण्याचा हात लावला, आणखी चिकटली. नव्या तांदळाचं पीठ असंच. दर वर्षी असंच असतं, हाताला सवय होईतो बायका चार दिवस कुरकुरतात.

तिचे हात परातीतच थांबले.

ओमकारने भाद्रपदापासून आजवर जितक्या वेळा यंत्र चालवलं, तितक्या वेळा त्यात जुन्या तांदळाची उकड होती. नवा तांदूळ आलाच कुठे होता?

फळीवर दोन डबे होते. एकात जुन्या तांदळाचं पीठ – तळाला, पण उद्यापुरतं. तिने तो डबा उचलला आणि पिशवीत ठेवला. जुनं पीठ म्हणजे काही खोटं पीठ नव्हे. कोणी विचारणार नव्हतं. पिशवी खुंटीला लावून ती परत परातीशी बसली. पुढचे कितीतरी महिने दामिनी रोज सकाळी ही अशीच चिकट उकड मळणार होती. तिने फोन घेतला, ओमकारचं नाव काढलं. अंगठा नुसता वर धरून बसली... आणि फोन उपडा ठेवला.

"उकड झाली का गो?" देवजी आतून म्हणाले. "का तिच्याशी भांडतेस?"

ती उठली. पिशवीतला डबा काढून फळीवर ठेवला आणि दुसरा, नव्या पिठाचा, पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी रखमीकाकूंच्या ओटीवर गट जमला. ओमकारने यंत्र मधोमध मांडलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्याच्या कानाच्या पाळीला पीठ लागलं होतं. ते पुसावं असं कुणालीला वाटलं. तिने हात मागे बांधले.

बायका खूश होत्या. दामिनीने कोपराने बटण फिरवून बघितलं, मग सगळ्यांनीच फिरवलं. "आणि गात नाय?" एकीने विचारलं. "नाय गात," ओमकार गंभीरपणे म्हणाला. मग कुणालीने चुलीवरून ताजी उकड आणून भांड्यात टाकली. तीन खटके लागले. यंत्र घुमू लागलं.

पहिल्यांदा छान फिरलं. मग उकड पात्याला धरून बसली, दांडीवरून वर चढायला लागली, झाकणाला जाऊन भिडली. यंत्र कण्हलं आणि थांबलं.

"अगो, ही तर माडावर चढली," रखमीकाकू म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

ओमकारने झाकण काढलं. उकडीत बोट घालून पाहिलं, दोन बोटांत चिमटून ओढलं. तार आली. त्याने मान वर केली.

"नव्या तांदळाचं आहे?"

"हो," कुणाली म्हणाली.

"जुनं होतं घरात?"

"होतं."

बायका कुणालीकडे बघत होत्या. जशा पूर्वी अंबूबाईकडे बघायच्या.

"नव्या तांदळाला चालत नाही," ती म्हणाली. आवाज नीट आला, याचंच तिला नवल वाटलं. "बाकी सगळं चांगलं आहे. पण आत्ता घ्यायचं नाही."

ओमकारने सगळं पुसलं, आवरलं, रखमीकाकूंना नमस्कार केला. तो बाइकला यंत्र बांधत असताना कुणाली जवळ जाऊन उभी राहिली. त्याने दोरीची गाठ दोनदा मारली. "येतो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. देवजींनी दोन संध्याकाळी टीव्हीचा आवाज कमी करून पाहिला. मग त्यांनीही नाद सोडला.

रविवारी कुणाली मुरबाडला गेली, तिथून धसईच्या एसटीत बसली. काय बोलायचं ते तिने वाटेत तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा मोडलं. धसईला बाजार भरला होता. भाजीवालीला तिने ओमकारचं घर विचारलं.

"यंत्रवाल्याचं ना? सरळ जा. ठोकाठोक ऐकू येईल तिथे वळ."

ठोकाठोक येत नव्हती. शेवटी एका अंगणात तांदूळ पाखडणारी बाई दिसली – सैलसर अंबाडा, आणि ओमकारचेच डोळे. ओटीवर बांधून ठेवलेली सॅक होती. पुण्याची.

"तूच का ती? नापास करणारी?" भागीरथीबाई म्हणाल्या.

"हो."

"ये, बस." त्यांनी सूप खाली ठेवलं. पडवीकडे एक नजर टाकून आवाज बारीक केला, पण फारसा नाही. "मला ठाऊक व्हतं गो. नवीन तांदूळ आला की हे अडकनार. जल्मभर हात घातलाय त्यात, मला नाय कळनार? पन त्याचं तोंड असं फुललेलं असायचं... सांगवलं नाय मला."

पडवीच्या दारात ओमकार उभा होता. हातात पान्हा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आई, तुला माहीत होतं?"

"आता दोघांनी मिळून मला नका धरू," म्हणत त्या उठल्या आणि चुलीकडे निघून गेल्या.

पडवीत यंत्र उघडून पडलं होतं. पातं एकीकडे, दांडी एकीकडे. म्हणजे सॅक बांधली होती आणि यंत्रही सोडवत नव्हतं. दोघं त्या पसाऱ्याच्या दोन बाजूंना उभी राहिली.

"नापास केलंस त्याचं काही नाही," ओमकार म्हणाला. "ते चुकलंच होतं. पण तुला आधी कळलं होतं ना? ओटीवर उकड टाकायच्या आधी?"

"आदल्या संध्याकाळी."

"मग एक फोन करायचा. एवढं मी तुझं... एवढं आपलं होतं ना? सगळ्या गावासमोर कळावं मला?"

कुणालीने खाली पडलेला एक खटका उचलला. उघडला, मिटला.

"फोन केला असता तर तू काय म्हणाला असतास?"

त्याने पान्हा या हातातून त्या हातात घेतला. खोटं त्याला नीट जमत नसे. दीपेशच्या दुकानापासून ते तिला माहीत होतं.

"म्हणालो असतो, उद्यापुरतं जुनं आण. मग मी दुरुस्त करतो."

"तेच. तू म्हणाला असतास, तर मी आणलं असतं."

बाहेर बाजारात कोणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं.

"डबा भरलाही होता मी पिशवीत," ती म्हणाली. "कोणी सांगितलेलं नसताना. आजवर कोणत्याही यंत्रासाठी मी असं केलं नव्हतं, ओमकार. तुझा आवाज ऐकला असता, तर तो डबा पिशवीतून बाहेर निघाला नसता. म्हणून नाही केला फोन."

ओमकार तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळंच आलं.

"यंत्रासाठी?" त्याने विचारलं.

"काय?"

"यंत्रासाठी भरला होतास डबा?"

कुणालीने खटका मिटला.

"नाही," ती म्हणाली. "यंत्रासाठी नाही."

त्याने पान्हा ठेवला. पसारा ओलांडून यायला त्याला दोनच पावलं लागली, पण मधल्या दांडीला पाय लागला आणि ती गडगडत अंगणात गेली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. त्याने तिचा हात हातात घेतला. खटका दोन तळव्यांच्या मध्ये राहिला, टोचत होता, आणि सोडायची घाई दोघांनाही नव्हती.

"पातं लाकडाचं करून बघायला हवं," जरा वेळाने तो तिच्या केसांजवळ म्हणाला. "लाकडाला कमी चिकटेल. आणि नवा तांदूळ आहे तोवरच बघायला हवं. म्हणजे पुण्याला कळवून टाकतो..."

"आत्ता कळवायलाच हवं का?"

"नाही. आत्ता नाही."

"पण एक सांगू?"

"सांग."

"लाकूड वाफेने फुगेल."

तो हसायला लागला. तिच्या खांद्यावर कपाळ टेकून, अंग हलेपर्यंत हसला. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बऱ्याच दिवसांनी ते तिला चाललं.

आतून चुलीचा धूर आला, मग परातीचा आवाज, मग भागीरथीबाईंचा.

"ओमकार, भाकऱ्या किती टाकू रे? तुझ्यामाझ्या, का तिच्या पन?"

ओमकारने तोंड उघडलं. पण उत्तर कुणालीने दिलं.

"तिघांच्या टाका, आई. आणि दोन बांधून द्या, बाबांना न्यायच्यात."